राजवाड्यातली चित्रे खाणीच्या गावात

पॅरिस शहरात सीन नदीच्या काठी लूव्र नावाचे संग्रहालय आहे. हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. निदान तिथल्या 'मोना लिसा' या चित्राची नक्कल शाळेच्या पुस्तकात किंवा एखाद्या कॅलेंडरावर पाहिली असेलच. लूव्र हा मूळचा फ्रान्सच्या राजांचा वाडा. राज्यक्रांती झाली आणि १० ऑगस्ट १७९३ रोजी तो वाडा संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला. राजांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चित्रे आणि मूर्ती राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या.

राष्ट्राच्या मालकीच्या, असे आपण सहज म्हणून जातो. पण म्हणजे कोणाच्या? पॅरिसमध्ये राहणाऱ्याच्या तर खऱ्याच. मग पॅरिसपासून दोनशे किलोमीटरांवर जमिनीच्या पोटात उतरून कोळसा खणणाऱ्या मजुराच्या होत्या की नाही? कागदोपत्री होत्या. पण त्याने त्या पाहायच्या कधी आणि कशा? एक दिवसाचा रोज बुडवायचा, बायकामुलांचे गाडीभाडे भरायचे आणि त्या झगमगीत वाड्याच्या दारात अवघडून उभे राहायचे! हे त्याच्याच्याने होत नसे, आणि आपल्याकडच्या खेडुताच्यानेही होत नाही. तेव्हा आज आपण जी गोष्ट पाहणार आहोत ती परदेशातली असली, तरी तिच्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

आधी थोडा हिशेब पाहू. लूव्रच्या संग्रहात आज सुमारे पाच लाख वस्तू आहेत. त्यांपैकी पाहणाऱ्यांसमोर मांडलेल्या सुमारे पस्तीस हजार, म्हणजे चौदांतली एखादी. बाकीच्या कोठारात. तुम्ही म्हणाल, एवढ्या वस्तू कुलपात कशासाठी? त्याला काही रास्त कारणे आहेत. कागदावरची रेखाचित्रे फार दिवस उजेडात ठेवली की फिकी पडतात; ती काही काळ दाखवून पुन्हा अंधारात ठेवावी लागतात. मातीच्या भांड्यांचे तुकडे, फुटके शिलालेख अशा पुष्कळ वस्तू अभ्यासकांच्या उपयोगाच्या असतात, भिंतीवर मांडण्याजोग्या नसतात. हे सगळे वजा केले तरीही दाखवण्याजोगे असे बरेच काही शिल्लक राहते. शेतकरी पेवात धान्य साठवतो. सगळे धान्य कोणी अंगणात पसरत नाही. पण पेव उघडायचेच नाही असे ठरवले, तर ते धान्य असून नसल्यासारखेच.

ही जाणीव फ्रान्समध्ये नवी नाही. १८०१ साली शाप्ताल नावाच्या गृहमंत्र्याच्या सूचनेवरून सरकारने हुकूम काढला आणि लूव्र व व्हर्साय येथली चित्रे पंधरा शहरांना वाटून दिली. लिऑन, बोर्दो, मार्सेय, तुलूझ, लील अशी ती शहरे. तिथली जुनी चित्रसंग्रहालये त्या वाटपातून उभी राहिली किंवा वाढली. पण ते वाटप म्हणजे घरातल्या भांड्यांच्या वाटणीसारखे होते. जे ज्याच्या वाट्याला आले ते त्याच्याकडे राहिले. आणि वाटा मिळाला तोही मोठ्या शहरांनाच. गावखेड्याचा विचार तेव्हा कोणी केला नाही.

आता नकाशावर लील शहर शोधा. फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ ते सापडेल. त्याच्या थोडे दक्षिणेला लाँस नावाचे गाव आहे. वस्ती तेहतीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या भागात कोळसा लागला आणि सगळा मुलूख खाणींचा झाला. पोलंड, इटली, अल्जीरिया, मोरोक्को अशा देशांतून माणसे कामाला आली आणि इथलीच होऊन गेली. काम जिवावरचे होते. लाँसच्या शेजारी कुरिएर येथे १० मार्च १९०६ रोजी खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे एका दिवसात गेली. पहिल्या महायुद्धात आघाडी याच भागातून गेली आणि लाँस गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले. ते पुन्हा बांधले. पुढे २७ डिसेंबर १९७४ रोजी शेजारच्या लिएव्हँ गावच्या खाणीत ४२ कामगार दगावले.

मग कोळशाचे दिवस संपत आले. एकेक खाण बंद पडू लागली. लाँसमधली शेवटची खाण १९८६ साली बंद झाली आणि १९९० साली त्या सगळ्या प्रदेशातला कोळसा कायमचा थांबला. मागे राहिली खणलेल्या दगडमातीची काळी टेकाडे. लाँसजवळची अशी दोन जोडटेकाडे युरोपातल्या सर्वांत उंच टेकाडांत गणली जातात. टेकाडे राहिली आणि हाताला काम नसलेली माणसे राहिली. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या तेव्हा गिरणगावात काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लाँसची अवस्था अधिक सांगायला नको.

अशा गावात लूव्रने आपली शाखा काढली! लूव्रला राजधानीबाहेर दुसरे घर हवे होते. उत्तर फ्रान्समधल्या अनेक गावांनी मागणी घातली. त्यांत लाँसपेक्षा देखणी आणि इतिहासाने संपन्न अशी शहरेही होती. २००४ साली निवड लाँसची झाली. ज्या गावाने देशाच्या भट्ट्या दीडशे वर्षे पेटत्या ठेवल्या, त्याला देशाने काही परत द्यावे, हा विचार तिच्यामागे होता.

तुमच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती तिथल्या माणसांच्याही मनात आली होती. पोटाला काम पाहिजे, तर चित्रे कसली आणता? शंका रास्त आहे. तिचे उत्तर काय मिळाले ते पुढे पाहूच. आधी शाखा म्हणजे नेमके काय केले, ते समजून घेऊ.

जागा निवडली ती एका जुन्या खाणीची. नऊ क्रमांकाची ही खाण १९६० साली बंद पडली होती, आणि तेव्हापासून तिथे झाडोरा माजला होता. वीस हेक्टर, म्हणजे सुमारे पन्नास एकर जमीन. इमारतीचा आराखडा काझुयो सेजिमा आणि र्‍यूए निशिझावा या जपानी वास्तुशिल्पींनी केला. त्यांनी मोठे शिखर किंवा घुमट काही उभारले नाही. काच आणि चकचकीत ॲल्युमिनियम यांच्या बैठ्या इमारती एकीला एक जोडून ठेवल्या. आजूबाजूची खाणकामगारांची घरे बैठी आहेत. त्यांच्यापुढे ताठ मानेने उभे राहायचे नाही, असा त्यामागचा विचार. भोवती बाग केली आणि बागेत जुन्या खाणीच्या खुणा राखून ठेवल्या. गावची माणसे त्या बागेतून फिरतात, मुले खेळतात.

पायाचा दगड बसवला ४ डिसेंबर २००९ रोजी आणि उद्‌घाटन झाले ४ डिसेंबर २०१२ रोजी. हीच तारीख का, ते ऐकण्यासारखे आहे. ४ डिसेंबर हा संत बार्बारेचा दिवस. ही संत खाणकामगारांची रक्षणकर्ती मानली जाते, आणि कोळशाच्या काळात त्या दिवशी खाणीत सुटी असे, सण असे. लूव्रसारख्या थोर संस्थेने आपल्या मंगल कार्याला खाणकामगारांच्या पंचांगातला दिवस धरला. गोष्ट लहान, पण दुसऱ्याच्या गावात जाताना पादत्राणे कुठे काढावीत हे कळल्याची ती खूण आहे.

आता आत चला. आतले मुख्य दालन म्हणजे एकच लांबलचक खोली आहे. लांबी १२० मीटर आणि मध्ये एकही आडभिंत नाही. तिचे नाव 'काळाचे दालन'. पॅरिसच्या लूव्रमध्ये वस्तू खात्याखात्यांनी लावलेल्या आहेत. इजिप्तच्या इकडे, ग्रीसच्या तिकडे, इस्लामी देशांच्या निराळ्या, चित्रे वेगळी, मूर्ती वेगळ्या. एका खात्यातून दुसऱ्यात जायला पाव तास चालावे लागते. लाँसमध्ये हे सगळे मोडले. सुमारे दोनशे वस्तू निवडल्या आणि एकाच क्रमाने, काळाच्या क्रमाने मांडल्या. दालनात पाऊल टाकले की तुम्ही पाच हजारांहून अधिक वर्षांमागे, माणूस लिहायला शिकला त्या काळात असता. भिंतीवर वर्षांच्या खुणा केलेल्या आहेत. एकेक पाऊल पुढे टाकाल तसतशी शतके सरतात, आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला एकोणिसाव्या शतकाचा मध्य येतो. तिथेच का थांबायचे? कारण लूव्रचा संग्रहच तिथे संपतो. त्यापुढची फ्रेंच चित्रे दुसऱ्या संग्रहालयांकडे आहेत.

शिक्षकांनी या मांडणीकडे विशेष लक्ष द्यावे. आपण वर्गात इजिप्तचा धडा एका महिन्यात शिकवतो, ग्रीसचा दुसऱ्या महिन्यात, इराणचा तिसऱ्या. मुलाच्या मनात हे तीन देश एकामागून एक होऊन गेल्यासारखे बसतात. लाँसच्या दालनात एकाच खुणेसमोर उभे राहिले की डावीउजवीकडे तिन्ही देशांच्या त्याच काळच्या वस्तू दिसतात. म्हणजे हे लोक एकाच वेळी जगत होते, एकमेकांशी व्यापार करत होते, लढत होते, एकमेकांचे पाहून शिकत होते! शंभर तारखा पाठ करून जे उमगत नाही, ते शंभर पावले चालून उमगते. आणि या दालनाला प्रवेशमूल्य नाही. फाटकापाशी पाकीट चाचपावे लागत नाही, म्हणून माणूस सहज आत शिरतो, दहा मिनिटे पाहतो, पुन्हा येतो.

दालनाखाली आणखी एक गंमत आहे. संग्रहालयाचे कोठार सहसा कोणाला दाखवीत नाहीत. इथे ते काचेतून दिसेल असे केले आहे. न मांडलेल्या वस्तू कशा ठेवतात, त्यांची निगा कशी राखतात, हे शाळेची मुले डोळ्यांनी पाहू शकतात. पेवाचे तोंडच उघडे ठेवले म्हणा ना!

आता मुख्य मुद्दा. लाँसच्या दालनातल्या वस्तू लाँसच्या मालकीच्या नाहीत. त्या लूव्रच्या आहेत आणि उसन्या आहेत. काही काळाने त्या परत जातात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. दरवर्षी काही वस्तू बदलत, तोही बेत संत बार्बारेच्या दिवसाभोवतीच. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तर सगळे दालनच नव्याने मांडले. १८०१ च्या वाटपात आणि या पद्धतीत फरक आहे तो हा. तिथे एकदा ताट वाढले आणि संपले. इथे पंगत चालू राहते. आज जो मुलगा दालन पाहून गेला, तो आठ वर्षांनी आला तर त्याला वेगळ्याच वस्तू दिसतील.

मग लूव्रने लाँसला काय पाठवले, उरलेसुरले? तसे झाले असते तर लोकांनी ते ओळखले असते. पण पहिल्याच वर्षी लूव्रने देलाक्रवा या चित्रकाराचे 'लोकांना वाट दाखवणारी स्वातंत्र्यदेवी' हे १८३० सालचे भले मोठे चित्र लाँसला धाडले. उंची अडीच मीटरांहून जास्त, रुंदी सव्वातीन मीटर. फ्रान्समध्ये हे चित्र ठाऊक नाही असे पोर सापडायचे नाही. त्याच्याबरोबर राफाएलने रंगवलेले कास्तिल्योनेचे चित्रही गेले. घरच्या लक्ष्मीला जे नेसवायचे तेच नेसवून पाठवले.

यात जोखीम नव्हती काय? होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये एका बाईने त्या देलाक्रवाच्या चित्रावर काळ्या पेनाने काही अक्षरे खरडली. देशभर हलकल्लोळ झाला. सुदैवाने खरडणे वरच्या रोगणापुरतेच होते. पॅरिसहून जाणकार आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते पुसून काढले. कोणी म्हणाले, पाहा, म्हणूनच अशा वस्तू बाहेर पाठवू नयेत. पण पॅरिसमध्येही वस्तूंना इजा झाल्याच आहेत. 'मोना लिसा' तर १९११ साली खुद्द लूव्रमधून चोरीला गेली होती. वस्तू मोठ्या शहरात ठेवली म्हणजे सुरक्षित आणि लहान गावात नेली म्हणजे धोक्यात, असा काही नियम नाही. चित्र लाँसलाच राहिले.

प्रवासाची काळजी मात्र फार घ्यावी लागते. वस्तू निघण्यापूर्वी तिचा कण न्‌ कण तपासून लिहून ठेवतात. कुठे चीर आहे, कुठे रंग सुटला आहे. तिच्या मापाची पेटी करतात. गाडीत हवा फार कोरडी किंवा फार दमट होऊ देत नाहीत. पोचल्यावर पेटी लगेच उघडत नाहीत. नव्या हवेची सवय होऊ देतात. मग पुन्हा तपासणी आणि पुन्हा नोंद. लेक सासरी पाठवताना आपण जेवढी काळजी घेत नाही, तेवढी घेतात!

आणि काही वस्तू जातच नाहीत. 'मोना लिसा' आम्हांला काही दिवस द्या, अशी मागणी लाँसकडून झाली होती. पण ते चित्र पॉप्लर झाडाच्या फळीवर काढलेले आहे. पाचशे वर्षांची फळी हवेतल्या थोड्याशा फरकानेही वाकते, तडकते. आपल्या देवळांत मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही, उत्सवमूर्ती पालखीत बसून गावभर फिरते. असाच काहीसा भेद संग्रहालयांनाही पाळावा लागतो. मात्र गाभाऱ्याची सबब सांगून पालखीच काढायची नाही, असे होता कामा नये.

खर्चाचे काय? बांधकामाला सुमारे १५ कोटी युरो लागले. त्यातला सर्वांत मोठा वाटा त्या प्रदेशाच्या सरकारने उचलला, आणि युरोपीय संघाने व स्थानिक संस्थांनी भर घातली. चालवण्याचा बोजाही मुख्यतः प्रदेशावरच आहे. लूव्र वस्तू देते, विद्वान देते, नाव देते. म्हणजे हा नुसता दानधर्म झाला नाही; गावाने आणि प्रदेशाने पदरचे पैसे घातले, म्हणून त्यांचा शब्दही चालतो.

आता मघाच्या शंकेकडे येऊ. चित्रांनी पोट भरले काय? खरे ते सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी सुमारे नऊ लाख माणसे आली. नव्याची नवलाई ओसरल्यावर हा आकडा जवळपास निम्म्यावर येऊन स्थिरावला. काही खाणावळी निघाल्या, हॉटेले निघाली. पण कोळशाने हजारोंना जे काम दिले, ते संग्रहालयाने दिले नाही; बेकारी अजून आहे. संग्रहालय काढले की गावाचे दारिद्र्य आपोआप फिटते, असे जे कोणी सांगतील त्यांना लाँसचे उदाहरण दाखवावे.

मग मिळाले काय? येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसे पॅरिसची नव्हेत की परदेशची नव्हेत, त्याच प्रदेशातली आहेत. पूर्वी लाँसचे नाव निघाले की लोकांना दोनच गोष्टी आठवत, कोळसा आणि फुटबॉलचा संघ. त्या संघाच्या मैदानात बसायच्या जागा गावच्या वस्तीपेक्षा जास्त आहेत! आता तिसरी गोष्ट सांगता येते. शाळांच्या सहली रांगेने येतात. आणि एका कामातून दुसरे काम निघाले. सीन नदीला पूर आला की पॅरिसमधली लूव्रची तळघरातली कोठारे धोक्यात येतात. जून २०१६ च्या पुरात रातोरात वस्तू वर हलवाव्या लागल्या. म्हणून लूव्रने आपले मोठे कोठार २०१९ साली लाँसला लागून असलेल्या लिएव्हँ गावात बांधले. सुमारे अडीच लाख वस्तूंची सोय तिथे केली आहे. जिथून कोळसा बाहेर काढला, तिथे आता देशाचा ठेवा जपून ठेवतात.

अशी शाखा काढणारे लूव्र एकटे नाही. इंग्लंडच्या टेट संग्रहालयाने १९८८ साली लिव्हरपूलच्या जुन्या गोदीत शाखा उघडली. पॅरिसच्याच पाँपिदू केंद्राने २०१० साली मेट्‌झ शहरात उघडली. प्रत्येकीची तऱ्हा निराळी, पण ठेवा एका जागी साठवून ठेवायचा नाही, हा विचार एकच.

आपल्याकडेही या दिशेने पावले पडली आहेत. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालय १९२२ पासून लोकांना खुले आहे. या संग्रहालयाने २०१५ साली एक बस तयार केली. बसच्या पोटातच मांडणी. ती गाडी शाळांच्या दारात जाऊन उभी राहते. आणि सातारा जिल्ह्यातले औंध तर तुम्हांला माहीत असेलच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत. त्यांनी आपला संग्रह मुंबई-पुण्याला न नेता गावच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ साली संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेली माता आणि बालक यांची मूर्ती तिथे आहे. खेड्यात चित्रसंग्रहालय कशाला, हा प्रश्न बाळासाहेबांना पडला नाही.

शिक्षकमित्रहो, लाँससारखे काही आपल्या तालुक्याला उद्याच मिळेल असे नाही. पण त्या दालनाची युक्ती उचलायला पैसा लागत नाही. शाळेच्या लांब भिंतीवर खडूने एक रेघ ओढा. एका वीतभर अंतराला शंभर वर्षे धरा. मुलांना सांगा, की गावातले जे जे जुने आहे ते या रेघेवर आपापल्या जागी बसवा. वीरगळ, देवळातली घंटा, बारव, वाड्याचा दरवाजा, आजीचे जाते. काय कधीचे, हे ती मुले विचारत फिरतील. म्हातारी माणसे सांगू लागतील. दोघांत वाद होईल आणि पुन्हा जाऊन नीट पाहावे लागेल. मग त्याच रेघेवर ताजमहाल कुठे येतो, इजिप्तचे पिरॅमिड कुठे येतात ते दाखवा. पिरॅमिडसाठी भिंत पुरते का, तेही मुलांनाच मोजू द्या.

आणि पुढे सहल काढाल तेव्हा एका दिवसात सगळे दाखवण्याची घाई करू नका. मुलांना एकाच वस्तूसमोर पंधरा मिनिटे बसवा आणि गप्प राहा. त्यांना काय दिसले ते त्यांनाच बोलू द्या. ती वस्तू कोणाची, असे एखाद्याने विचारले, तर आपली, असे सांगा. तेवढे मात्र स्पष्ट सांगा.